रोहित एका पायावर, निवटी कुबड्यांवर

मागच्या अंकात 'प्राणी कसे चालतात, उडतात, सरपटतात यावर काही विचारायचं असेल तर लिहा' एवढी एक ओळ टाकली होती. पत्रांचा गठ्ठा आला. निम्मी पत्रं रोहित पक्ष्यांवरची, म्हणजे फ्लेमिंगोंवरची आहेत, ते साहजिकच. नोव्हेंबर ते मे ठाण्याची खाडी गुलाबी असते आणि ती आता पुष्कळांच्या खिडकीतून दिसते. सगळी पत्रं घेता आली नाहीत. एकासारखे एक प्रश्न एकत्र केले आहेत. काहींनी 'मॅडम' लिहिलंय. चौतीस वर्षं चौथ्या तासाला जीवशास्त्र शिकवलं ते 'बाई' म्हणूनच. तुम्हीही बाईच लिहा.

बाई, सीवूड्सच्या तळ्यापाशी आम्ही दोघं रोज फिरायला जातो. रोहित तास न् तास एका पायावर उभे असतात. आमचे मिस्टर म्हणतात, एक पाय दमला की दुसरा घेतात. मला पटत नाही. शिवाय त्यांचा गुडघा असा उलटा का?
— एक वाचक, सीवूड्स

आधी गुडघ्याचं, कारण तो गुडघा नव्हेच. रोहिताच्या पायाच्या मधोमध गाठीसारखा जो सांधा मागे वाकलेला दिसतो, तो त्याचा घोटा. खरा गुडघा वर, पोटाच्या पिसांत दडलेला असतो. पटत नसेल तर पुढच्या रविवारी ताटातली कोंबडीची तंगडी बघा. तिचं खालचं बारीक टोक म्हणजे कोंबडीचा घोटा. त्याच्या खालचा पिवळा, खवल्यांचा भाग दुकानदार तोडून टाकतो. तो सगळा पावलाचा. रोहिताने हेच पाऊल काठीसारखं लांब केलंय आणि जन्मभर तो बोटांवर उभा आहे.

आता एका पायाचं. २०१७ साली अमेरिकेत अटलांटा इथे यंग-हुई चँग आणि लीना टिंग या दोन संशोधकांनी मेलेले रोहित घेऊन एक प्रयोग केला. ऐकायला विचित्र वाटतं, पण प्रश्नाला इतकं सरळ भिडणारा प्रयोग मी फार थोडा वाचलाय. पक्षी मेलेला, म्हणजे स्नायूंचं काम शून्य. तो एका पायावर ठेवला, पाय थोडा आतल्या बाजूला, पोटाच्या बरोबर मध्याखाली कलता केला, आणि शरीराच्या वजनानेच सांधे आपापल्या जागी बसले. पक्षी उभा राहिला. पुढेमागे थोडं ढकललं तरी ठरला. तोच पाय दोन पायांवर उभं राहताना असतो तसा सरळ केला, की टिकेना. मग त्यांनी जिवंत पिल्लांना वजनकाट्यासारख्या पाटावर उभं करून मोजलं. जागं पिल्लू इकडेतिकडे डुलायचं. डोळे मिटून पेंगायला लागलं की डुलणं उलट कमी व्हायचं.

सायकल स्टँडवर लावल्यावर कुणी हँडल धरून बसत नाही. तसंच हे. तुम्ही-मी वृक्षासनात उभे राहिलो की पोटरी, मांडी, पाठ सगळी कामाला लागते. रोहिताला दोन पायांवर उभं राहणंच जास्त कष्टाचं पडत असावं.

उरलेला पाय पिसांत का खुपसतो, त्याचं एक कारण ऊब. पाय उघडे, त्यांवर पिसं नाहीत आणि बहुतेक वेळ पाण्यात. अंगातली उष्णता तिथून निघून जाते. प्राणिसंग्रहालयातल्या रोहितांवर नोंदी ठेवल्या तेव्हा गारवा वाढला की एका पायावर उभे राहणारे वाढतात असं दिसलं. तुमच्या मिस्टरांना सांगा, रोहित पाय बदलतात हे खरं. पण मेलेला पक्षी दमत नाही आणि तरी उभा राहतो. तेव्हा 'दमला म्हणून' हे कारण मला पुरेसं वाटत नाही. घरात वाद पुढे चालू ठेवायला माझी हरकत नाही.

आणखी एक. तळ्यावर जाताना भरती-ओहोटीची वेळ बघत जा. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो, तेव्हा रोहित तिकडे चरायला असतात. भरतीने चिखल झाकला की विसाव्याला तळ्यांवर, मिठागरांवर येतात. म्हणजे तुम्ही रोज बघता ती त्यांची झोपायची खोली. स्वयंपाकघर खाडीत आहे.

बाई, आमची सहल ऐरोलीहून बोटीने खाडीत गेली होती. रोहित डोकं उलटं करून खात होते आणि एकाच जागी पाय आपटत गोल गोल फिरत होते. नाचत होते का?
— सातवीतली एक मुलगी, घणसोली

बघितलंस ते छान बघितलंस. मोठी माणसं त्या बोटीत बसून फक्त फोटो काढतात.

रोहिताची चोच मधे वाकलेली असते ना, ती वाकलेली आहे म्हणूनच मान खाली सोडली की चोच उलटी होऊन पाण्याला आडवी लागते. आत जाड, मांसल जीभ. ती पिचकारीच्या दट्ट्यासारखी मागेपुढे होते, मागे गेली की पाणी-चिखल आत, पुढे आली की बाहेर. चोचीच्या कडेला चाळणीसारखे बारीक दाते असतात, त्यांत खाणं अडकतं. आपल्या खाडीत दोन जाती येतात. मोठ्या रोहिताची चाळणी जाड, तो छोटी कोळंबीसारखी जित्राबं आणि किड्यांच्या अळ्या गाळतो. छोट्या रोहिताची चाळणी फार बारीक, तो डोळ्यांना न दिसणारं शेवाळ गाळतो. आईची पिठाची चाळणी आणि रव्याची चाळणी वेगवेगळी असते, तसं. एकाच चिखलात दोघं शेजारी जेवतात आणि ताटावरून भांडण होत नाही.

आणि हो, पिल्लाची चोच सरळ असते, रंग राखाडी. वाकडी चोच आणि गुलाबी रंग दोन्ही मागाहून येतं. रंग तर खाण्यातूनच येतो.

नाचाचं उत्तर अगदी ताजं आहे. २०२५ च्या मे महिन्यात एक संशोधन प्रसिद्ध झालं, अमेरिकेतल्या एका प्राणिसंग्रहालयातल्या चिलीच्या रोहितांवरचं. त्यांनी पाण्याच्या टाकीत रोहित खाताना कसा हलतो ते बारकाईने टिपलं. रोहित पाय आपटतो तेव्हा पडद्याचं पाऊल तळाचा गाळ उठवतं आणि पाण्यात भोवरे तयार होतात. चोच झटक्याने वर ओढतो तेव्हा आणखी एक उभा भोवरा तयार होतो, आणि पळून जाऊ बघणारे बारीक जीव त्यात फिरत चोचीपाशी येतात. बादलीत ताक घुसळताना मधे खळगा पडतो आणि लोण्याचे कण तिथे गोळा होतात, बघितलंयस का? आजीला विचार. म्हणजे नाच नव्हे, घुसळण आहे ती.

पाऊल उचलताना काय होतं तेही बघ पुढच्या वेळी. खाली टेकताना बोटं पसरतात, पडदा ताणला जातो, वजन मोठ्या जागेवर वाटलं जातं आणि पक्षी रुतत नाही. उचलताना तीच बोटं छत्रीसारखी मिटतात आणि पाऊल अलगद निघतं. आपलं पाऊल असं मिटत नाही, म्हणून आपण चिखलात चप्पल ठेवून येतो. माझी एक चप्पल खाडीत आहे, १९६८ सालापासून. तेव्हा आजी ओरडली होती, "पाय वढू नको, आदी टाच सोडव!" टाच वळवून उचलली की पावलाखाली हवा शिरते आणि चिखलाची पकड सुटते. हे मी पुढे वर्गात दाबाच्या धड्याला शिकवलं, आजीचं नाव न सांगता.

रात्री दहा-साडेदहाला गच्चीवरून बदकांसारखा आवाज करत मोठा थवा जातो. रोहित रात्रीचे उडतात का?
— नेरूळहून तिघांची पत्रं

उडतात, आणि लांबचा प्रवास तर बहुधा रात्रीच करतात. गळ्यातून निघणारा तो घोगरा आवाज थव्याला एकत्र ठेवतो. मान पुढे ताठ, पाय मागे ताठ, असा सुळसुळीत बाण होऊन उडतात. उठताना मात्र पाण्यावर बरीच पावलं धावावं लागतं, विमानासारखं. मे २०२४ मध्ये घाटकोपरला रात्री उतरणाऱ्या विमानाला थवा धडकला आणि तीसहून जास्त रोहित मेले, ते आठवत असेल. तळ्याच्या कडेला झोत टाकणारे दिवे लावावेत का असं एकाने विचारलंय. माझं मत: नकोत. तुमच्या बेडरूममध्ये कुणी रात्रभर झोत मारला तर?

बाई, आमच्याकडे परवा निवट्या आणल्या होत्या. पातेल्यावर झाकण ठेवलं होतं तरी एक उडी मारून पळाली. दोन तासांनी फ्रिजखाली सापडली, जिवंत! मासा पाण्याबाहेर दोन तास कसा जगतो? आई म्हणते, 'तो मासाच नाही.'
— एक वाचक, दिवाळे गाव

हे पत्र मी तीनदा वाचलं. मी चेंदणी कोळीवाड्यात वाढले, त्यामुळे फ्रिजखालची निवटी मला परकी नाही. आमच्याकडे फ्रिज नव्हता, चूल होती, आणि निवटी चुलीमागच्या लाकडांत सापडायची. आजीही तुमच्या आईसारखंच म्हणायची, "मासा नाय तो, बेडूक हाय."

मासाच आहे. त्याला कल्ले आहेत, पर आहेत, खवले आहेत. पण तो मासा चिखलाच्या संसाराला लागलेला. ओहोटीला बाकीचे मासे पाण्याबरोबर जातात, निवटी मागे राहते. कारण सगळं खाणं त्या उघड्या चिखलावर असतं आणि ते खायला दुसरा मासा तिथे नसतो. आपल्या खाडीत जी मोठी निवटी सापडते, ती चिखलावर साचलेला शेवाळाचा पातळ तवंग खरवडून खाते. डोकं डावीकडे-उजवीकडे फिरवत पुढे सरकते, घरात पोछा मारतो तशी. ठाण्याच्या किंवा ऐरोलीच्या पुलावरून खाली बघितलंत तर चिखलावर तिने काढलेल्या अर्धगोल रेघा दिसतील.

आता श्वासाचं. निवटी कल्ल्यांच्या पोकळीत पाणी भरून ठेवते आणि त्यावर झाकण बंद करते. पण तेवढ्यावर भागत नाही. तिची कातडी आणि तोंडाचं-घशाचं आतलं अस्तर, दोन्हीकडे बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, आणि हवेतला प्राणवायू तिथून थेट रक्तात जातो. अट एकच: कातडी ओली पाहिजे. म्हणून ती चिखलात लोळते. म्हणून तिच्या अंगाला तो बुळबुळीत चिकट थर. आईला विचारा, निवट्या राखेत किंवा मिठात घोळवून दोन-तीनदा का धुवाव्या लागतात. आपण जो थर कंटाळत धुऊन काढतो, त्यावर तिचं जगणं असतं. तुमच्या फ्रिजखाली पाण्याचा ट्रे असेल, थोडी ओल असेल. गॅसच्या शेगडीखाली गेली असती तर दोन तास काढले नसते.

चालायचं कसं? तिचे छातीचे दोन पर मांसल, आणि त्यांना खांद्यापाशी एक आणि परातच आणखी एक असे दोन ठिकाणी सांधे. दोन्ही पर एकदम पुढे टाकते, त्यांवर शरीर उचलते, पुढे टेकते. शेपूट मागून फरफटत येते. पाय मोडलेला माणूस दोन्ही कुबड्या एकदम पुढे टाकून झोका घेत चालतो, तीच चाल. पोटाखालचे पर टेकू देतात. काही जातींत ते जुळून चिकटणाऱ्या वाटीसारखे होतात, म्हणून निवटी तिवराच्या मुळांवर चढलेली दिसते. घाई असली की कुबड्या विसरायच्या. शेपूट एका बाजूला वळवायची आणि झटक्यात सरळ करायची, की उडी. तुमच्या झाकणाला फट किती होती माहीत नाही, पण तेवढ्या फटीसाठी ती शेपूट पुरते.

डोळे बघा कधी, शिजवण्याआधी. डोक्याच्या टोकावर दोन फुगीर मणी. डबक्यात बुडून राहिली तरी डोळे वर, दुर्बीण काढल्यासारखे. ते मधूनमधून आत ओढले जातात आणि परत वर येतात. तिची पापणी मिटणं म्हणजे तेच. अश्रूंच्या ग्रंथी तिला नाहीत. डोळा खाली खोबणीत जातो, ओला होतो, धूळ-चिखल पुसला जातो आणि वर येतो. २०२३ साली यावर सविस्तर अभ्यास झाला, आणि निघालं असं की आपण ज्या तीन कामांसाठी पापणी मिटतो, म्हणजे ओलावा, सफाई आणि इजा टाळणं, त्याच तीन कामांसाठी तीही डोळा आत घेते. पाणी सोडून जमिनीवर आलेल्याला डोळ्यांची ही तजवीज करावीच लागते.

आणि जीभ! माशाला आपल्यासारखी हलती जीभ नसते. तो पाणी ओढून घेतो, त्याबरोबर घास आत येतो. जमिनीवर ओढायला पाणी कुठलं? मग निवटीच्या काही जाती घासाला तोंड लावायच्या क्षणी तोंडातलं पाणी बाहेर सोडतात. ते पाणी घासाभोवती पसरतं आणि लगेच घासासकट परत आत ओढलं जातं. पाण्याचीच जीभ. २०१५ साली बेल्जियमच्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्याने आफ्रिकेतल्या निवटीचं हे चित्रण केलं. त्यांनी तिच्या तोंडातलं पाणी संपेल असा कोरडा कागद ठेवून बघितला, तेव्हा तिला घास गिळायला पुन्हा पाण्याकडे जावं लागायचं.

राहता राहिलं बीळ. आजी ओहोटीला लुगड्याचा काष्टा घट्ट खोचून उतरायची. बिळाला बहुधा दोन तोंडं. एका तोंडावर टाच दाबायची आणि दुसऱ्यात खांद्यापर्यंत हात. गाल चिखलाला टेकलेला, डोळे मिटलेले, तोंडाने माझ्याशी शाळेच्या गोष्टी. आणि मधेच हात थांबायचा. "हाय," एवढंच म्हणायची. निवटी मुठीत धरली की साबणासारखी निसटते. ती बोटांच्या बेचक्यात, डोक्यामागे धरायची. मी आठ-नऊ वर्षांची असेन. हात घातला तर आत हवेचे बुडबुडे लागले, बुडबुड असा आवाज आला आणि मी घाबरून हात काढला. चिखलाखाली, पाण्याखाली, हवा कशी? पुढे कळलं की काही निवट्या तोंडात हवा भरून बिळात नेऊन सोडतात, कारण त्या खोल चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो आणि अंडी गुदमरतील. अंड्यांच्या खोलीत हवेचा साठा करतात. तिच्या त्या साठ्यात मी हात घातला होता.

आईला सांगा, मासाच आहे. बाकी निवटीच्या रश्श्याला आमसूल घालता की चिंच, ते कळवा. त्यावर आमच्या कोळीवाड्यात दोन तट आहेत.

मागच्या अंकात तुम्ही लिहिलंत की साप बरगड्यांच्या टोकांवर चालतो. हे चूक आहे. मी येऊरच्या परिसरात वीस वर्षं साप सोडवतोय.
— एक सर्पमित्र, ठाणे

बरोबर आहे तुमचं, चूक माझीच. हे वाक्य मी कॉलेजात शिकले आणि चौतीस वर्षं शिकवलं. १८१२ साली एव्हरार्ड होम नावाच्या इंग्रज शल्यविशारदाने साप बरगड्या पायांसारख्या वापरतो असं मांडलं, आणि ते वह्यांतून वह्यांत उतरत माझ्यापर्यंत आलं. १९५० मध्ये लिसमन या प्राणिशास्त्रज्ञाने त्यावर शंका घेतली, आणि २०१८ साली बोआ सापांवर नीट मोजमाप झालं. साप सरळ रेषेत, न वळवळता पुढे येतो तेव्हा (अजगर, घोणस अशा जाड सापांत तुम्ही हे पाहिलं असेलच) बरगड्या जागच्या हलत नाहीत. बरगड्या आणि पोटाची कातडी यांमध्ये स्नायू आहेत. काही स्नायू पोटाची सैल कातडी पुढे ओढतात, तिथले रुंद खवले जमिनीला टेकतात, आणि दुसरे स्नायू अंगाचा सांगाडा त्या टेकलेल्या कातडीवरून पुढे ओढून घेतात. म्हणजे कातडी आधी जाते, हाडं मागून जातात.

वळवळत जाणाऱ्या धामणीचं वेगळं. तिला दगड, गवत, ढेकूळ यांवर अंगाच्या बाजूने रेटा द्यायला लागतो. शिवाय पोटाचे खवले पुढे घसरताना कमी घासतात आणि आडवे घसरताना जास्त, म्हणून वळवळ वाया न जाता पुढे नेते. घरात शिरलेली धामण गुळगुळीत लादीवर जागच्या जागी तडफडते ती यामुळे. लोकांना वाटतं ती अंगावर येतेय. तिच्या पायांखाली (हे 'पाय' माफ करा) रस्ताच नसतो. हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा लोकांना समजावलं असेल.

पाल छतावरून पडत नाही, पण आमच्या नॉनस्टिक तव्यावरून घसरली. का?
— एक गृहिणी, वाशी

तव्यावर पाल होती हे वाचून बाकीच्या वाचकांचं जेवण झालं असेल अशी आशा करते.

पालीच्या बोटांखाली ना गोंद, ना हवा ओढणारी वाटी. तिथे आडव्या पट्ट्या असतात, पट्ट्यांवर दाट सूक्ष्म केस, आणि प्रत्येक केसाच्या टोकाला शेकडो फाटे. 'टोके' या मोठ्या पालीच्या एकेका पावलावर असे सुमारे पाच लाख केस मोजले गेलेत. हे फाटे इतके बारीक की ते भिंतीच्या अगदी कणांपाशी जाऊन टेकतात, आणि इतक्या जवळ गेल्यावर कोणत्याही दोन पदार्थांत जी बारीकशी ओढ असते, तीच कामाला येते. एका केसाची ओढ क्षुल्लक. लाखोंची मिळून पाल तोलते. २००० आणि २००२ साली केलर ऑटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजून दाखवलं. सोडवताना पाल बोट टोकाकडून वर वळवते, चिकटपट्टी कडेने सोलतो तशी. तुमच्या तव्यावरचा थर मात्र असा आहे की त्याला कशाचीच ओढ फारशी नाही, म्हणून डोसाही चिकटत नाही आणि पालही. ओल्या काचेवरही ती अशीच घसरते. तवा घासून घ्या, हे सांगायला नकोच.

आमच्या खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसतो. घारी सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत मोबाईलच्या टॉवरवर बसून असतात आणि मग एकदम वर. पंख हलवत नाहीत, तरी उंच कशा जातात?
— एक आजोबा, कळवा

आजोबा, रोज बघता म्हणून तुम्हाला वेळही माहीत आहे.

ऊन चढलं की डोंगराचा उघडा खडक, पत्रे, डांबरी रस्ते तापतात आणि त्यांवरची हवा वर उठायला लागते. नऊच्या आधी तो उठाव नसतो, म्हणून घार बसून राहते. पंख मारत चढणं तिला परवडत नाही. पंख पसरून तरंगताना ती खरं तर हळूहळू खालीच येत असते. पण भोवतालची हवा त्याहून वेगाने वर चाललेली असते. मॉलमध्ये वर जाणाऱ्या सरकत्या जिन्यावर नातू उलटा खाली उतरत असतो आणि तरी वरच्या मजल्यावर पोचतो, ते आठवा. उठणारी हवा खांबासारखी अरुंद असते. बाहेर पडू नये म्हणून घिरट्या. दुपारनंतर समुद्राकडून वारा येतो, डोंगराच्या खाडीकडच्या अंगाला आपटून वर वळतो, तेव्हा घारी घिरट्या न घालता डोंगराच्या कडेकडेने सरळ जाताना दिसतील. दुर्बीण असेल तर शेपूट बघा. घारीची शेपूट दुभंगलेली असते आणि ती सारखी इकडेतिकडे पिळत असते, सुकाणू तेच. पंखांच्या टोकाची पिसं बोटांसारखी सुटी असतात, त्याने टोकापाशी हवेचा ओढा कमी होतो.

सोसायटीच्या कॅमेऱ्यात बिबट्या दिसला. आमचा कुत्रा जागा होता, पण भुंकलाच नाही. बिबट्याचा आवाज का येत नाही?
— पाचवीतला एक मुलगा, मानपाडा

तुझा कुत्रा फरशीवर चालतो तेव्हा टक-टक वाजतं, कारण त्याची नखं कायम बाहेर. बिबट्याची नखं विसाव्याला आत असतात. लवचीक बंध त्यांना आत धरून ठेवतात आणि पकडायचं असेल तेव्हाच तो स्नायूंनी बाहेर काढतो. खाली मऊ गाद्या. शिवाय पुढचा पाय जिथे टेकला जवळपास तिथेच मागचा पाय टाकतो, म्हणजे चारऐवजी दोनच जागा शोधाव्या लागतात जिथे पाचोळा वाजणार नाही. कुत्रा भुंकला नाही त्याचं कारण वेगळं असेल. वास आला असेल, आणि शहाणा असेल. रात्री त्याला घरात घ्या.

आमच्या इमारतीसमोरच्या झाडावर मोठी वटवाघळं दिवसभर उलटी लटकतात. झोपेत पडत कशी नाहीत? आणि उलटं लटकून सगळं अंगावर येत नाही का? विचारण्याचं कारण, माझी गाडी त्याच झाडाखाली असते.
— एक वाचक, कोपरखैरणे

पडत नाहीत, कारण धरायला त्यांना जोर लावावा लागत नाही. अंगाचं वजन पायातल्या कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणारे दोर) ओढतं आणि त्यानेच बोटं आपोआप मिटतात. स्नायू लागतात ते सुटण्यासाठी. म्हणून मेलेलं वटवाघूळही कधीकधी फांदीला तसंच लटकलेलं दिसतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: वेळ आली की ती फिरतात. पंखांच्या अंगठ्यांना आकड्यासारखी नखं असतात, त्यांनी फांदी धरतात, पाय सोडतात, क्षणभर आपल्यासारखी डोकं वर करून लटकतात, काम उरकतात, अंग झटकतात आणि परत उलटी होतात. त्यांच्या अंगावर काही येत नाही. गाडी दहा फूट पुढे लावा.